बडोद्याहून नेवार्क: अंतर आणि विमानप्रवासाच्या वेळेचा हिशोब कसा मांडायचा

तिकीट हातात आलं की बडोद्यातल्या मराठी घरांत दोनच प्रश्न निघतात. किती लांब आहे? किती तास लागतात? मग कोणीतरी फोनवर दोन शहरांची नावं टाकतं, एक आकडा येतो, त्याला ‘विमानाचा वेग नऊशे’ म्हणून भागलं जातं. त्या उत्तरावर मुंबईपर्यंतची गाडी, आजींच्या गोळ्यांच्या वेळा आणि तिकडे न्यायला येणाऱ्या मुलाची रजा, सगळं ठरून जातं. हा हिशोब जवळजवळ दर वेळी चुकतो. नकाशावरचं अंतर, विमानात बसण्याचा वेळ आणि घरातून घरापर्यंतचा वेळ हे तीन निराळे आकडे आहेत आणि ते तिघेही वेगवेगळ्या ठिकाणाहून काढावे लागतात.

उदाहरणासाठी बडोदा ते नेवार्क (न्यू जर्सी) घेतलं आहे, कारण इथल्या निम्म्या घरांतलं कोणी ना कोणी त्या बाजूला आहे. टोरोंटो, सिडनी किंवा फ्रँकफर्टला जाणाऱ्यांनी आकडे बदलावेत, क्रम बदलू नये.

## तयारी: आधी हे समोर ठेवा

ई-तिकिटाचं पूर्ण पान लागेल. मुलाने व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला कापलेला स्क्रीनशॉट चालणार नाही, कारण त्यात नेमकं टर्मिनल आणि तारखेपुढचं ‘+१’ (दुसऱ्या दिवशी पोचण्याची खूण) कापलेलं असतं. तिकिटावरून पुढच्या गोष्टी कागदावर उतरवा:

- प्रत्येक विमानतळाचा तीन अक्षरी कोड आणि टर्मिनल
- प्रत्येक उड्डाणाची सुटण्याची आणि पोचण्याची तारीख, वार, वेळ
- उड्डाण क्रमांक, आणि विमान प्रत्यक्षात कोणती कंपनी चालवते
- सगळी उड्डाणं एकाच पीएनआरवर आहेत की वेगवेगळ्या

वार लिहायला कंटाळू नका. तारीख चुकली तर लक्षात येत नाही, वार चुकला तर लगेच खटकतो.

## टप्पा १: कोड बरोबर आहे ना?

बडोद्याच्या हरणी विमानतळाचा कोड बीडीक्यू आहे. आपल्या तोंडी मात्र रेल्वेचा बीआरसी बसलेला. अंतर मोजणाऱ्या साइटवर बीआरसी टाकलंत तर ती कुरकुर न करता तुम्हाला अर्जेंटिनातल्या बारिलोचेला नेऊन सोडते, कारण विमानांच्या यादीत तो कोड त्या गावाचा आहे. अहमदाबादचंही तसंच: रेल्वे एडीआय, विमानतळ एएमडी. इंदूरचा विमानतळ आयडीआर. ग्वाल्हेरवाल्यांचं मात्र बरं आहे, स्टेशन आणि विमानतळ दोन्ही जीडब्ल्यूएल.

दुसऱ्या टोकालाही बघा. ‘न्यूयॉर्क’ म्हणजे जेएफके, लाग्वार्डिया आणि नेवार्क (ईडब्ल्यूआर) यांपैकी काहीही असू शकतं. न्यू जर्सीतल्या एडिसनला राहणाऱ्याला नेवार्क सोयीचं, जेएफके म्हणजे त्याला सबंध शहर ओलांडून यावं लागतं. मुंबईलाही आता जुना बीओएम आणि नवी मुंबईचा एनएमआय असे दोन विमानतळ आहेत. टॅक्सी सांगण्याआधी तिकिटावरचा कोड वाचा.

पडताळा: साइटवर कोडच्या शेजारी शहर आणि देश दोन्ही दिसतात. ते वाचल्याशिवाय आकडा उतरवू नका.

## टप्पा २: अंतर गोलावर मोजा

भिंतीवरच्या नकाशावर मुंबई ते नेवार्क फूटपट्टी ठेवली तर रेघ अरबी समुद्र, उत्तर आफ्रिका आणि अटलांटिकवरून सरळ पश्चिमेला जाते. विमानाचा जवळचा रस्ता तो नव्हे. मुलांचा पृथ्वीगोल घ्या, दोन्ही गावांवर दोऱ्याची टोकं दाबून दोरा ताणा. दोरा मुंबईतून वायव्येपेक्षाही अधिक उत्तरेकडे निघतो, तुर्कमेनिस्तानवरून मॉस्कोच्या आसपास जातो, मग फिनलंड, आइसलँडच्या पूर्वेचा समुद्र, ग्रीनलंडचं दक्षिण टोक आणि तिथून कॅनडामार्गे खाली उतरतो. हे अंतर सुमारे १२,५५० किमी भरतं.

घरी गोल नसेल तर संगणकावर गूगल मॅप्स उघडा, सुरुवातीच्या जागेवर उजवं क्लिक करून अंतर मोजण्याचा पर्याय निवडा आणि दुसऱ्या जागेवर क्लिक करा. लांब अंतराला रेघ कमानीसारखी वाकलेली दिसेल. ती वाकलेलीच बरोबर आहे.

अक्षांश-रेखांश टाकून हिशोब करणाऱ्यांनी एक चिन्ह जपावं. बडोदा सुमारे ७३.२ अंश पूर्व आहे आणि नेवार्क ७४.२ अंश पश्चिम. पश्चिम रेखांशाला उणे चिन्ह लागतं. ते विसरलात तर नेवार्क किर्गिझस्तानच्या डोंगरात जाऊन पडतं आणि उत्तर साधारण २,०४० किमी येतं. दुसरी खोड म्हणजे अंश-मिनिटं आणि दशांश यांची सरमिसळ: २२ अंश २० मिनिटं म्हणजे २२.३३, २२.२० नव्हे.

एककाचंही पाहून घ्या. अमेरिकी साइटी मैल दाखवतात (१ मैल = १.६०९ किमी), विमानवाले सागरी मैल वापरतात (१ सागरी मैल = १.८५२ किमी). १२,५५० किमी म्हणजे साधारण ७,८०० मैल किंवा ६,७७६ सागरी मैल. सागरी मैलांचा आकडा साधे मैल समजून गुणलात तर दीड हजार किलोमीटरहून जास्त अंतर हवेत विरतं.

पडताळा: पृथ्वीचा घेर सुमारे ४०,००० किमी आहे, त्यामुळे कोणतेही दोन विमानतळ एकमेकांपासून २०,००० किमीपेक्षा फारसे लांब असूच शकत नाहीत. याहून बराच मोठा आकडा आला तर काहीतरी दोनदा मोजलं गेलंय.

## टप्पा ३: तुकडे वेगळे मोजून बेरीज करा

हरणीहून नेवार्कला थेट विमान नाही. त्यामुळे बडोदा ते नेवार्क सरळ १२,२४० किमी हा आकडा ऐकायला छान, पण तुमच्या प्रवासाचा नव्हे. तुकडे असे पडतात (सगळे आकडे अंदाजे):

- मुंबईमार्गे: बडोदा–मुंबई ३६० + मुंबई–नेवार्क १२,५५० = १२,९१० किमी
- दिल्लीमार्गे: बडोदा–दिल्ली ७९० + दिल्ली–नेवार्क ११,७७० = १२,५६० किमी
- अहमदाबादहून दुबईमार्गे: अहमदाबाद–दुबई १,७७० + दुबई–नेवार्क ११,००० = १२,७७० किमी

म्हणजे मुंबईला जाताना आपण आधी उलट्या दिशेने दक्षिणेला जातो आणि मग पुन्हा गुजरातच्या पश्चिमेने वर चढतो. तिन्हींत मुंबईचा रस्ता सगळ्यात लांब! तरी फरक साडेतीनशे किलोमीटरचा, विमानाच्या हिशोबात अर्ध्या तासाचाही नाही. तेव्हा अंतरावरून मार्ग निवडू नका. निवड कशावरून करायची ते पुढे सातव्या टप्प्यात येईल.

## टप्पा ४: अंतरावरून वेळेचा कच्चा अंदाज

लांब पल्ल्यासाठी साधी रीत अशी: किलोमीटरना ८५० ने भागा आणि अर्धा तास मिळवा. १२,५५० भागिले ८५० म्हणजे पावणेपंधरा तास, अधिक अर्धा, म्हणजे सव्वापंधरा. मोठं विमान वर गेल्यावर ताशी ९०० किमीच्या आसपास जातं, पण चढणं, उतरणं आणि धावपट्टीपर्यंतचं रांगणं धरलं की सरासरी खाली येते. बडोदा–मुंबईसारख्या छोट्या उड्डाणाला ही रीत लंगडी पडते. तिथे उडण्याइतकाच वेळ जमिनीवर आणि मुंबईच्या आभाळात घिरट्या घालण्यात जातो.

हा अंदाज फक्त तिकिटावरचा आकडा शहाणा आहे की नाही हे तपासायला वापरा. त्यावर गाडी ठरवू नका, कारण अंतर तेच राहून वेळ दोन गोष्टींनी बदलतो.

पहिली गोष्ट वारा. साधारण नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वारे वाहतात, हिवाळ्यात अधिकच. अमेरिकेहून येताना ते पाठीशी असतात, जाताना अंगावर येतात. त्यामुळे जाणं आणि येणं यांत तासाभराचा किंवा त्याहून अधिक फरक पडणं नेहमीचं आहे. याचं सगळ्यात मजेशीर उदाहरण ऑक्टोबर २०१६ चं: एअर इंडियाने दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को विमान अटलांटिकऐवजी पॅसिफिकवरून नेलं. रस्ता सुमारे १,४०० किमीने वाढून १५,३०० किमीच्या घरात गेला, पण वारा पाठीशी असल्याने विमान साधारण साडेचौदा तासांत पोचलं, म्हणजे जवळच्या रस्त्यापेक्षा लवकर.

दुसरी गोष्ट हवाई हद्द. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना आपली हद्द बंद केली, तेव्हा उत्तर भारतातून पश्चिमेला जाणाऱ्या विमानांना वळसा पडला आणि उत्तर अमेरिकेच्या काही उड्डाणांना व्हिएन्नात उतरून इंधन घ्यावं लागलं. रशियाची हद्द २०२२ पासून अमेरिकी आणि युरोपीय कंपन्यांना बंद आहे. म्हणून एकाच मार्गावर दोन कंपन्यांचे तास वेगळे दिसतात आणि दोन्ही बरोबर असतात.

पडताळा: फ्लाइटरडारसारख्या अ‍ॅपवर तुमचा उड्डाण क्रमांक टाकून गेल्या आठवड्यात विमान खरोखर किती वाजता टेकलं ते बघा. मात्र तिथला हवेतला वेळ तिकिटावरच्या वेळेपेक्षा कमी असतो. तिकीट विमानतळाच्या एका गेटपासून दुसऱ्या विमानतळाच्या गेटपर्यंतचा वेळ सांगतं, जमिनीवरचं रांगणं धरून.

## टप्पा ५: घड्याळांचा फरक (इथेच सगळे अडकतात)

फोनवरचा नेहमीचा संवाद:

“आई, किती वाजता पोचता?”
“सव्वासात लिहिलंय.”
“आमचे की तुमचे?”
“आता ते काय माहीत बाबा, तिकिटावर आहे ते सांगितलं.”

तर पक्कं करून टाकू. तिकिटावरची प्रत्येक वेळ त्या त्या गावाच्या घड्याळाची असते. सुटण्याची मुंबईची, पोचण्याची नेवार्कची. कुठलीच वेळ ‘आपली’ करून छापलेली नसते.

आता आकडे घेऊन बघा. हे समजावण्यापुरते आहेत. समजा विमान मुंबईहून रविवार १४ जूनला पहाटे १:३० ला सुटतं आणि नेवार्कला रविवार १४ जूनलाच सकाळी ७:१५ ला पोचतं. नुसती वजाबाकी केली तर पावणेसहा तास. काही जण खरंच ‘सहा तासांत अमेरिका’ म्हणून खूश होतात.

१. आधी दोन्ही वेळा भारतीय घड्याळात आणा. जूनमध्ये नेवार्क आपल्यापेक्षा ९ तास ३० मिनिटं मागे. मागे असलेल्या गावाच्या वेळेत फरक मिळवायचा: ७:१५ अधिक ९:३० म्हणजे आपले दुपारचे ४:४५.
२. मग वजाबाकी: पहाटे १:३० ते दुपारी ४:४५ म्हणजे १५ तास १५ मिनिटं.
३. हा आकडा टप्पा ४ च्या अंदाजाशी ताडून बघा. जुळला तर पुढे चला.

येताना समजा शुक्रवारी रात्री ९:३० ला नेवार्क सोडलं आणि शनिवारी रात्री ९:१५ ला मुंबई. घड्याळात पावणेचोवीस तास दिसतात. नेवार्कचे ९:३० म्हणजे आपले शनिवारी सकाळचे ७:००, आणि तिथून रात्री ९:१५ पर्यंत १४ तास १५ मिनिटं. जाण्यापेक्षा तासभर कमी, वाऱ्याची कृपा.

आपलं घड्याळ वर्षभर तेच राहतं, त्यांचं बदलतं. अमेरिकेत आणि कॅनडाच्या बहुतेक भागांत मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ तासभर पुढे जातं आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे येतं. म्हणून नेवार्कशी फरक उन्हाळ्यात साडेनऊ, हिवाळ्यात साडेदहा तास. युरोपात हा बदल मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी होतो. सिडनीत उलटं: ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी पुढे, एप्रिलच्या पहिल्या रविवारी मागे, तिथे फरक साडेचार किंवा साडेपाच तास, आणि ते आपल्या पुढे आहेत, म्हणून मिळवायच्या जागी वजा करायचं. दुबई दीड तास मागे, सिंगापूर अडीच तास पुढे, दोन्हीकडे बदल नाही.

इशारा: दिवाळी आटोपून नोव्हेंबरात निघणाऱ्यांनी जुन्या तिकिटावरचा फरक वापरू नये. ज्या तारखेला विमान टेकणार, त्या तारखेचा फरक धरा.

‘+१’ म्हणजे पोचण्याची तारीख दुसऱ्या दिवसाची. वेळ एक तास वाढवायची नसते, तसंही समजणारे आहेत.

## टप्पा ६: मधला थांबा

एकच पीएनआर असेल तर थांब्याचा वेळ कंपनीने धरलेला असतो आणि सामान सहसा पुढे जातं; चेक-इनला सामानाच्या चिठ्ठीवर शेवटचा कोड वाचून घ्या. वेगवेगळ्या पीएनआरवर दोन तिकिटं असतील तर पहिलं विमान उशिरा आल्याची जबाबदारी दुसरी कंपनी घेत नाही. अशी तिकिटं मी तरी वयस्कर माणसांना काढू देत नाही, कितीही स्वस्त मिळोत.

मुंबईत टर्मिनल एक आणि दोन यांच्यामध्ये बाहेरच्या रस्त्याने जावं लागतं. बडोद्याचं विमान एकला उतरलं आणि पुढचं दोनहून असेल, तर दीड तासाचा थांबा कागदावरच चांगला दिसतो. चार तासांपेक्षा कमी ठेवू नका.

अमेरिकेत पुढे आणखी एक देशांतर्गत उड्डाण असेल, तर इमिग्रेशन पहिल्याच अमेरिकी विमानतळावर होतं आणि सहसा तिथे सामान उचलून पुन्हा द्यावं लागतं. तिथे तीन तास धरा.

## टप्पा ७: बडोद्यापासून उलटं मोजा

पहिला इशारा मध्यरात्रीचा. रविवार पहाटे १:३० चं विमान म्हणजे घर शनिवारी सोडायचं. रविवारी रात्री बॅगा घेऊन टर्मिनलला पोचणारी माणसं दर मोसमात दिसतात, आणि त्यांचं विमान तेव्हा कधीच नेवार्कला पोचलेलं असतं.

आता बडोदा ते बोरिवली रेल्वेने जायचं धरून सुटण्याच्या वेळेपासून मागे या:

१. विमान १:३०. विमानतळावर रात्री १० ला. बहुतेक कंपन्या साधारण तासभर आधी काउंटर बंद करतात, आणि रांग त्याआधीची.
२. बोरिवली ते सहारचं टर्मिनल, शनिवारच्या संध्याकाळी: दीड तास धरा, वर अर्धा तास राखीव. म्हणजे बोरिवलीत ८ ला. मुंबई सेंट्रलपर्यंत जाऊन परत उत्तरेला येण्यात काही अर्थ नाही.
३. रेल्वेचे पाच तास. म्हणजे बडोद्याहून दुपारी ३ ची गाडी चालेल. तुम्ही मात्र त्याच्या आधीची, एकच्या सुमाराची धरा. एक गाडी चुकली किंवा रखडली तरी दुसरी हाताशी राहते. पावसाळ्यात सुरत–विरार पट्ट्यात पाणी भरलं तर हाच नियम वाचवतो.
४. घर १२:१५ ला सोडा.

पुढच्या टोकाला: ७:१५ ला विमान दाराशी, इमिग्रेशन आणि बॅगा, मग रस्ता. एडिसनच्या घरी साधारण १० ला. म्हणजे आपले संध्याकाळचे ७:३०. शनिवारी दुपारी सव्वाबारापासून मोजा: सव्वाएकतीस तास. उड्डाण सव्वापंधरा तासांचं होतं!

आता तोच हिशोब अहमदाबाद–दुबईने करा. बडोद्याहून एक्स्प्रेस वे ९३ किमी, पुढे शहर ओलांडून विमानतळ. सव्वादोन तास आणि पाऊण तास राखीव. तीन तास आधी पोचणं. दुबईपर्यंत साधारण तीन तास दहा मिनिटं, तिथे तीन तास थांबा, पुढे चौदाएक तास, आणि तिकडचे पावणेतीन. बेरीज एकोणतीस तासांच्या आसपास. म्हणजे ‘थेट’ विमान घरापासून मोजल्यावर लवकरचं राहत नाही. गुडघे दुखणाऱ्या, सामान जास्त असलेल्या जोडप्याला मी अहमदाबाद सुचवेन. मधे पाय मोकळे होतात आणि मुंबईची धावपळ टळते. इंग्रजीत विचारायला बिचकणाऱ्या, एकट्या प्रवाशाला मात्र मुंबईचं थेट विमान बरं. तिथे चुकायला मधला थांबाच नाही. दोघांसाठीही तिकिटाबरोबर व्हीलचेअर आधीच नोंदवा, काउंटरवर आयत्या वेळी मागू नका.

पडताळा: मधुमेहाच्या किंवा रक्तदाबाच्या औषधांबद्दल डॉक्टरांना विचारताना उड्डाणाचे तास सांगू नका, घर ते घर तास सांगा. डोस कसे बसवायचे हे त्यावर ठरतं. औषधं हातातल्या बॅगेत, चिठ्ठीसकट.

## टप्पा ८: न्यायला येणाऱ्याला काय पाठवायचं

‘आम्ही शनिवारी निघतोय, पंधरा तासांत पोचू’ असा निरोप पाठवू नका. त्यातून तिकडचा मुलगा शनिवारची रजा टाकतो. एका ओळीत पाठवा: उड्डाण क्रमांक, विमानतळाचा कोड, टर्मिनल, आणि पोचण्याचा वार, तारीख, वेळ, पुढे ‘नेवार्कची वेळ’ असे शब्द. उदाहरणार्थ: ‘रविवार १४ जून, सकाळी ७:१५, नेवार्कची वेळ, ईडब्ल्यूआर. बाहेर यायला नऊ वाजतील.’ भारतीय वेळ त्याच निरोपात लिहू नका. दोन वेळा दिसल्या की वाचणारा हमखास चुकीची उचलतो. बडोद्यात मागे राहणाऱ्यांना वेगळा निरोप द्या, त्यात फक्त आपली वेळ: रविवारी संध्याकाळी साडेसातपर्यंत फोन येईल, त्याआधी काळजी करू नका.

निघण्याच्या आदल्या दिवशी कंपनीच्या साइटवर पीएनआर टाकून वेळ पुन्हा बघा. दहा-वीस मिनिटांचे बदल ईमेलवर येतात, आणि तो ईमेल बहुधा तिकीट काढणाऱ्या मुलाच्या खात्यात पडलेला असतो.